अक्षराच्या कडेची राखाडी

नांदेड-लातूरकडच्या डीटीपी दुकानांत ही शंका हमखास निघते. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला की काळ्या अक्षराच्या कडेला राखाडी ठिपके दिसतात. मग दोष कधी फॉन्टला, कधी मॉनिटरला. दोघेही निर्दोष. ती राखाडी मुद्दाम घातलेली असते आणि तिच्यामुळेच अक्षर रेखीव दिसतं.

१५.६ इंची, १३६६ बाय ७६८च्या लॅपटॉपवर इंचाला जेमतेम १०० ठिपके बसतात. साध्या लेझर प्रिंटरवर ६००. पडद्याच्या इतक्या ढोबळ चौकोनी ठिपक्यांत नुसत्या काळ्या-पांढऱ्यात ‘ळ’ काढला, तर वळणांच्या पायऱ्या होतात. म्हणून अक्षराने चौकोनाचा जेवढा भाग व्यापला, त्या मानाने तो गडद करतात. नेहमीच्या अंतरावरून तो ठिपका सहज सुटा दिसत नाही, पण कड नेमकी कुठे आहे हे डोळा ठिपक्याहूनही बारीक ओळखतो.

म्हणून राखाडी जितकी जास्त तितकं बरं? तसंही नाही. आपली शिरोरेषा आडवी आणि सरळ. ती ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मधोमध पडली, तर एका काळ्या रेघेच्या दोन फिकट रेघा होतात. तिला एकाच ओळीवर नेमकं बसवावं लागतं, आणि त्यासाठीच्या सूचना सहसा फॉन्टमध्येच भरतात. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींचा ‘मंगल’ फॉन्ट विंडोज २०००सोबत आला; पडद्यासाठी देवनागरी घडवणं म्हणजे असल्या बारकाव्यांशी झुंजणं.

विंडोजमधलं ‘क्लिअरटाइप’ मात्र निव्वळ राखाडी नव्हे. मायक्रोसॉफ्टने १९९८मध्ये जाहीर केलेली ही युक्ती प्रत्येक ठिपक्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरते. पट्ट्या शेजारी-शेजारी असल्याने फायदा आडव्या दिशेनेच होतो: काना सुधारतो, शिरोरेषेला फारसं काही मिळत नाही. ॲपलने २०१८च्या मॅकओएस मोहावेत अशी रंगीत पद्धत मागे सारून राखाडीच ठेवली.

अक्षरं खरोखरच अंधुक दिसत असतील, तर आधी रिझोल्यूशन तपासा. १३६६च्या पडद्यावर १०२४ ठेवलं, तर कोणताही फॉन्ट पुसटच दिसणार.

ही राखाडी कागदावर उतरेल ही भीतीही नको. छापताना प्रिंटर अक्षर स्वतःच्या बारीक ठिपक्यांत नव्याने काढतो. स्क्रीनशॉटची गोष्ट वेगळी. त्यात राखाडी गोठलेली असते, आणि तो छापून झेरॉक्स मारली की अनुस्वार-रफार तुटतात नाहीतर भरून जातात. तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं परिपत्रक असो की लग्नपत्रिकेचं प्रूफ, पुढे पाठवताना मूळ पीडीएफच पाठवा.