वाटेतला श्वास

मण्यार चावली हे पुष्कळदा कळतच नाही. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती डसते. दात इतके बारीक की ना सूज, ना फारशा वेदना. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, मग आवाज बसतो, थुंकी गिळवत नाही. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप विष तोडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. हृदय मात्र चालू असतं, आणि डोळे मिटलेल्या त्या माणसाला बराच वेळ सगळं ऐकू येत असतं. सर्पविषावरचं प्रतिविष लवकर द्यायलाच हवं, पण नसांच्या टोकांना आधीच झालेली इजा ते भरून काढत नाही. ती भरून यायला काही दिवस जातात. तेवढे दिवस त्याचा श्वास दुसऱ्या कोणीतरी चालवायचा असतो.

आयसीयूत हे काम मोठं यंत्र करतं. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत घाटाचा रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर भिस्त असते पोर्टेबल व्हेंटिलेटरवर. हाताने उचलून नेता येईल एवढी, चार-सहा किलोची पेटी. पुढे दोन-चार गोल बटणं, एक छोटा पडदा, आणि पेटीतून निघालेली नळी रुग्णाच्या श्वासनळीतल्या ट्यूबला जोडलेली.

हे यंत्र येण्याआधी माणसांचे हात होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनळीत नळी घालून रबरी पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने, दिवसरात्र, त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९५६मध्ये आपोआप फुगणारी ॲम्बू बॅग आली, ती आजही प्रत्येक कॅज्युअल्टीत आहे. पुढे १९७६मध्ये जर्मनीच्या ड्रेगर कंपनीचा ऑक्सिलॉग आला. नुसत्या सिलिंडरच्या दाबावर तो चाले, विजेची गरज नव्हती. आजच्या बऱ्याच यंत्रांत छोटी टर्बाइन असते. ती भोवतालची हवा ओढते, म्हणून ऑक्सिजन पुरवून वापरता येतो.

हाताने भागतं, मग यंत्र कशाला? कारण घाबरलेला हात भराभर दाबतो. अमेरिकेत मिलवॉकी शहरात हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित पथकांचं निरीक्षण झालं, ते २००४मध्ये प्रसिद्ध झालं. मिनिटाला सरासरी ३० श्वास दिले जात होते. आज अशा वेळी सांगितलं जातं १०. जास्त श्वासांनी छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड फार उतरून मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. यंत्राला भीती नसते, वळणावर तोल जात नाही, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरचे दोन्ही हात मोकळे होतात. माझ्या मते त्याची खरी किंमत या मोकळ्या हातांत आहे.

आकडे मात्र माणसानेच लावायचे असतात. प्रत्येक श्वासात किती हवा द्यायची हे काट्यावरच्या वजनावरून ठरत नाही. ते उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, कारण माणूस जाड झाला तरी फुप्फुसं वाढत नाहीत. किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर. साठ किलो धरले तर ४२० मिलिलिटर, मिनिटाला १४ वेळा, म्हणजे जवळजवळ सहा लिटर. गाडीतला दहा लिटरचा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. कागदावर हे चार तास. गळती, यंत्राचा स्वतःचा खर्च, दरड कोसळून थांबलेली वाहतूक हे धरलं तर प्रवासाच्या दुप्पट वेळेची बेगमी हवीच.

आणि अलार्म वाजला तर? ट्यूब सरकली असेल, कफाने अडली असेल, छातीत हवा साठून फुप्फुस दबलं असेल, किंवा यंत्रच बिघडलं असेल. रुग्ण निळा पडत असताना पडद्याकडे बघत बसायचं नसतं. यंत्राची नळी ट्यूबपासून काढायची, ॲम्बू बॅग लावायची, छाती दोन्ही बाजूंनी उचलते का ते पाहायचं. म्हणूनच ॲम्बू बॅग कायम उशाशी हवी.

महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटरच्या. उरलेल्या ७०४ बेसिक. राज्याचा विस्तार पाहता तेव्हाचा २३३ हा आकडा मला अपुराच वाटतो. शिवाय यंत्र असून भागत नाही. दर पाळीला ते रबरी टेस्ट लंगवर चालवून पाहिलं, बॅटरी चार्जला लावली, तरच ते ऐन वेळी चालतं. कोविडमध्ये अनेक सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर पोहोचले. ते हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणावरही तितकाच खर्च व्हायला हवा.

वाचकांना एकच सांगणं. मण्यारीचा संशय आला तर भगताकडे वेळ घालवू नका. १०८ लावल्यावर नुसतं 'साप चावला' म्हणून थांबू नका. पापण्या मिटताहेत, बोलणं अडखळतंय, श्वास लागतोय हे स्पष्ट सांगा आणि व्हेंटिलेटरची गाडी मागा. ती लांब असेल तर रुग्णाला आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. पुढची गाडी तिथूनही मागवता येते.