दुकानाचे घड्याळ आणि बाळाची झोप

घरात बाळ आले की भेटीस येणारा प्रत्येकजण दोन प्रश्न विचारतो. बाळ कोणासारखे दिसते, आणि रात्री झोपते का. पहिल्या प्रश्नाचा निकाल दोन्हीकडच्या आज्या आपसांत लावून टाकतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र आईला द्यावे लागते, आणि त्या उत्तरावर तिची परीक्षा होते. ‘आमचा तर तीन महिन्यांचा असल्यापासून रात्रभर झोपायचा,’ असे एखाद्या मावशीबाई सहज सांगून जातात आणि त्या रात्री तिसऱ्यांदा उठलेल्या सुनेला वाटते की आपलेच काही चुकते आहे. चाळीस वर्षांपूर्वीची जागरणे कोणाच्याच नेमकी स्मरणात राहत नाहीत, हे त्या वेळी कोणी बोलत नाही.

वस्तुतः तान्हे मूल रात्री उठते हा त्याचा दोष नाही आणि आईचाही नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला दिवस आणि रात्र यांतला भेद कळत नाही; शरीरातले ते घड्याळ हळूहळू जुळून येते. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, बाळाचे ५० मिनिटांच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही त्या वेळी कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो, म्हणून सकाळी आपल्याला काही आठवत नाही. बाळाला ही कला अजून यायची असते. शिवाय त्याचे पोट लहान, दूध लवकर पचणारे. वर्षाचे झालेले मूलही रात्री एक-दोनदा उठते, आणि अशी मुले पुष्कळ असतात. ‘रात्रभर झोपणारे बाळ’ म्हणून ज्याचे कौतुक होते तेही बहुधा उठतच असते. फक्त ते कोणाला हाक मारीत नाही.

मग अपेक्षा ठेवायची तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिल्या तीन महिन्यांत चोवीस तासांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोप हवी. दुपारची झोप यातच धरलेली आहे. या आकड्यांतले अंतर मोठे आहे, ते लक्षात घ्यावे. एकाच घरातली दोन भावंडे या मर्यादांच्या दोन टोकांना असू शकतात आणि दोघेही निरोगी असू शकतात. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही.

मात्र खालच्या आकड्यापेक्षाही झोप कमी पडत असेल तर विचार करायला हवा. चार वर्षांचे मूल रात्री अकराला झोपते, साडेसातच्या शाळेच्या बससाठी साडेसहाला उठवले जाते. साडेसात तास झाले. दुपारचा दीड तास मिळवला तरी नऊच. रोज किमान एक तास कमी, आठवड्याच्या सहा शाळेच्या दिवसांत सहा तास. ही तूट रविवारी एकदम भरून काढू, असे पालक म्हणतात. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला थकबाकी एकरकमी भरून खाते नियमित करणारे ग्राहक चांगले परिचयाचे असतात. झोपेच्या खात्यात ती सोय नाही. रविवारी दहापर्यंत झोपलेले मूल त्या रात्री वेळेवर झोपत नाही, आणि सोमवारची सकाळ शनिवारच्या सकाळीपेक्षा कठीण जाते.

आता आपल्या घरांकडे वळू. आपला समाज प्रामुख्याने व्यापारी. कापडाचे, किराण्याचे, भांड्यांचे किंवा सराफीचे दुकान असो, ते रात्री साडेआठ-नऊला वाढवायचे, गल्ला मोजायचा, रोजमेळ लिहायचा, आणि घरी पोहोचायला साडेनऊ-दहा वाजतात. लग्नसराईत आणि दिवाळीच्या दिवसांत याहूनही उशीर. वडिलांना दिवसभर मूल दिसलेले नसते. त्यामुळे ‘पप्पा येईपर्यंत जागे ठेवा’ ही घरातली अलिखित आज्ञा असते. वडील आले की त्यांच्यासोबत काकाही येतात, मूल उचलले जाते, उडवले जाते, गुदगुल्या होतात, मोबाईलवरचे चित्र दाखवले जाते. तो अर्धा तास त्या घरातला सर्वांत गोड अर्धा तास असतो, हे मी नाकारीत नाही. अडचण यानंतर सुरू होते. दहापर्यंत ज्याला सर्वांनी मिळून जागवले, त्याने सव्वादहाला डोळे मिटावेत अशी अपेक्षा असते. ते मिटत नाही. झोपेची वेळ टळून गेलेले लहान मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही. ते उधळते, पळते, हसता हसता रडू लागते. घरचे म्हणतात, ‘याला झोपच येत नाही, फार चपळ आहे.’ आणि ते उधळलेले मूल खोलीत नेऊन झोपवण्याची जबाबदारी एकट्या आईची. बाहेर दिवाणखान्यात त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या मालाची बोलणी चालू असतात.

दुकानाचे घड्याळ बदलत नाही म्हणून मुलाचे बदलायचे, असा हा व्यवहार आहे. पण नीट पाहिले तर व्यापारी घराजवळ एक गोष्ट अशी आहे जी नोकरदाराजवळ नसते, ती म्हणजे सकाळ. आपली बहुतेक दुकाने दहाच्या पुढे उघडतात. आठच्या लोकलने जाणाऱ्या बापाला सकाळी मूल भेटत नाही. दुकानदार बापाला सहज भेटू शकते. मुलाची आंघोळ, त्याचे दूध, मंदिरात किंवा स्थानकात दर्शनाला नेणे, शाळेच्या बसपर्यंत सोडणे, ही कामे वडिलांनी घेतली तर रात्रीच्या अर्ध्या तासाच्या बदल्यात एक पूर्ण, ताजा तास मिळतो. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी दोघा भावांनी दुकान वाढवण्याची पाळी लावून घेतली आहे. एक दिवस थोरला सातला घरी येतो, दुसऱ्या दिवशी धाकटा. गिऱ्हाईक तुटले नाही. त्यांच्या मातोश्रींना मात्र हे पसंत पडायला बराच काळ लागला, कारण ‘संध्याकाळी गादीवर घरचे दोघेही दिसले पाहिजेत’ हा त्यांच्या काळचा दंडक.

याहून मोठी अनुकूलता आपल्याला परंपरेने दिलेली आहे. ज्या घरी चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तापूर्वी चूल शांत होते. पुण्यात डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. संध्याकाळी जेवण आटोपलेले, स्वयंपाकघर बंद, प्रतिक्रमणाची किंवा आरतीची शांत वेळ, आणि मग आठ-साडेआठला निजणे: लहान मुलासाठी यापेक्षा चांगला क्रम कोणत्याही तज्ज्ञाला सुचवता येणार नाही. आपण मात्र जेवण सहाला आणि झोप अकराला असा घोळ करून ठेवतो. सहाला जेवलेले मूल दहाला भुकेजणारच. मग एक तर त्याला लपूनछपून बिस्किट दिले जाते, किंवा ‘चौविहार मोडला’ म्हणून रडणाऱ्या मुलासमोर वाद होतो. वेळेवर निजलेल्या मुलाच्या घरी हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाचे रात्रीचे दूध मात्र या चर्चेत आणूच नये. व्रत हे समजून घेणाऱ्याचे असते.

ज्येष्ठांकडून आणखी एक मुद्दा येतो. शास्त्रात निद्रेला पाच प्रमादांत गणले आहे, तर मुलाला एवढे झोपू कसे द्यावे? हे खरे आहे की उत्तराध्ययन सूत्राच्या सामाचारी अध्ययनात मुनींसाठी रात्रीच्या चार प्रहरांपैकी केवळ तिसरा प्रहर निद्रेचा सांगितला आहे. उरलेले स्वाध्याय आणि ध्यानाचे. पण तो नियम महाव्रतधारी साधूचा आहे, दात यायच्या असलेल्या बालकाचा नाही. उलट दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांतले पाच भेद निद्रेचे आहेत, याकडे मी लक्ष वेधीन: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. हाकेने सहज जागा होणारा, हलवूनही न उठणारा, बसल्या जागी पेंगणारा, चालता चालता पेंगणारा, आणि झोपेतच उठून कामे करणारा, असा हा सूक्ष्म भेद आचार्यांनी केला. झोप सर्वांची सारखी नसते, हे आपल्याकडे फार पूर्वीच नोंदलेले आहे.

झोपेतल्या अशा वागण्याने घरे विनाकारण घाबरतात. तीन-चार वर्षांचे मूल झोपल्यानंतर दोन-एक तासांत किंचाळत उठून बसते, डोळे उघडे, पण आईलाही ओळखत नाही. दहा मिनिटांत पुन्हा झोपते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. लगेच मीठ-मोहरी ओवाळली जाते. हा गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येण्याचा प्रकार असतो, आणि अपुरी झोप हे त्याचे एक कारण असते. अशा वेळी गदागदा हलवून जागे करू नये. पडणार नाही एवढे पाहावे. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

अपेक्षा हट्टाला पेटली की माणसे कुठवर जातात, याचा इतिहास आपल्याच राज्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत असत. त्यांचा नाइलाज होता. आज सुखवस्तू घरांत तसा नाइलाज नाही, तरी प्रवासाच्या आधी किंवा लग्नाच्या गर्दीत मूल शांत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध अर्धा चमचा जास्त दिले जाते. अशा पुष्कळ औषधांतले क्लोरफेनिरामाइन गुंगी आणते. ते फिनायलेफ्रिनसोबत असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरातली जुनी बाटली आधी तपासावी. गुटीत जायफळाचे वळसे वाढवणे हाही त्यातलाच प्रकार. एका बाबतीत मात्र आपण अनायासे सुरक्षित आहोत: मध अभक्ष्य मानत असल्याने तो बाळाच्या जिभेवर जात नाही, आणि वर्षाखालील मुलास मध देऊ नये हे आज वैद्यकशास्त्रही सांगते.

शासनाने या विषयात एक पाऊल टाकले आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय निघाला. आपल्या अनेक संस्था शाळा चालवतात. बसचे फेरे आणि दोन पाळ्यांची अडचण मला समजते, तरीही विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घेता येईल.

आणि एक विनंती श्रीसंघांच्या कार्यकारिणीस. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात रात्रीचे सांस्कृतिक कार्यक्रम होतात. पाठशाळेच्या मुलांचे संवाद आणि नाटुकल्या पत्रिकेत साडेआठला असतात. दीपप्रज्वलन, स्वागत, लाभार्थींचे सत्कार आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत होता होता मुले रंगमंचावर येतात तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. राजकुमाराच्या वेषातले चार वर्षांचे बालक पडद्यामागे आईच्या खांद्यावर झोपलेले असते. प्रतिक्रमण किंवा आरती झाल्याबरोबर प्रथम मुलांचा कार्यक्रम ठेवावा, त्यांना घरी जाऊ द्यावे आणि सत्कार त्यानंतर करावेत. सत्कारमूर्ती जागे राहतील.