रुग्णालयपूर्व रक्तस्रावनियंत्रण

रुग्णालयपूर्व रक्तस्रावनियंत्रण म्हणजे अपघात, स्फोट, शस्त्राचा वार यांसारख्या कारणांनी गंभीर जखमी झालेल्या व्यक्तीचा रक्तस्राव ती रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी थांबवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी केलेले उपचार होत. यांतील पहिले उपचार डॉक्टरांनी नव्हे, तर घटनास्थळी हजर असलेल्या सामान्य माणसाने करावयाचे असतात.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील १५ टक्क्यांपर्यंतची हानी शरीर सहसा सोसते. हानी ३० टक्क्यांच्या पुढे गेली की रक्तदाब घसरू लागतो आणि ४० टक्क्यांच्या पुढे जिवाला तत्काळ धोका असतो. मांडीतील मुख्य रोहिणी (धमनी) तुटल्यास ही मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाते. कितीही तत्पर रुग्णवाहिका एवढ्या वेळात पोहोचेलच असे नाही. रक्ताची चिळकांडी उडणे, कपडे भिजून जमिनीवर थारोळे साचणे, जखमी व्यक्ती असंबद्ध बोलू लागणे किंवा तिला गुंगी येणे ही धोक्याची लक्षणे होत.

प्रत्यक्ष दाब

स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, कोपरे ताठ ठेवून, अंगाचा भार देत दाबणे हा पहिला उपाय. हळुवार हात ठेवण्याने काही साधत नाही. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी कापड वारंवार उचलणे ही सर्वांत सामान्य चूक होय; त्यामुळे नुकतीच धरू लागलेली गुठळी निघून येते. जांघ, काख आणि मानेचा तळ येथे आवळपट्टा बांधता येत नाही. अशा ठिकाणी जखमेच्या खोल भागापर्यंत कापडाची पट्टी बोटाने ठासून भरतात आणि वरून दाब देतात. छाती व पोटाच्या जखमेत मात्र असे कापड कोंबू नये. रुतलेली सळई किंवा काच उपसून काढू नये, तिच्या बाजूंनी दाब द्यावा.

हळद किंवा चहाची पूड जखमेवर दाबण्याची आपल्याकडे रीत आहे. विळीने कापलेल्या बोटापुरती ती चालून जात असेल, परंतु रोहिणीच्या धारेपुढे चिमूटभर हळद टिकत नाही आणि डबा शोधण्यात मोलाची मिनिटे जातात.

टूर्निकेट

हाता-पायाच्या जखमेत दाबाने रक्त थांबत नसेल, तर टूर्निकेट म्हणजे दांडीने पीळ देऊन आवळण्याचा पट्टा वापरतात. हा शब्द ‘फिरवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक झां लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूने आवळता येणारे टूर्निकेट तयार केले. पुढे युद्धांमध्ये जखमींना तळावर पोहोचण्यास अनेक तास लागत, पट्टा तितका वेळ तसाच राही आणि अवयव गमवावा लागे. त्यामुळे विसाव्या शतकात या साधनाची अपकीर्ती झाली व प्रथमोपचाराच्या पुस्तकांत त्याला ‘अगदी शेवटचा उपाय’ असे स्थान मिळाले.

हे मत इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या काळात पालटले. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, जखमी व्यक्ती शॉकमध्ये जाण्यापूर्वी टूर्निकेट बांधलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले; शॉकनंतर बांधलेल्यांपैकी केवळ १० टक्के. टूर्निकेटमुळे अवयव गमवावा लागल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही.

पट्टा जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूस, ५ ते ७ सेंटिमीटरवर बांधावा. गुडघा किंवा कोपर यांवर बांधू नये. रक्त थांबेपर्यंत आवळावा. त्याने असह्य वेदना होतात. त्या चुकीचे लक्षण नव्हेत. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. साधारणपणे दोन तासांपर्यंत पट्टा राहिल्यास कायमच्या हानीची शक्यता कमी असते. दर काही मिनिटांनी तो सैल करावा अशी सूचना जुन्या पुस्तकांत असे. ती आता त्याज्य ठरली आहे, आणि ज्यांनी ती शाळेत पाठ केली त्यांनी ती विसरणेच हिताचे. सुतळी किंवा तार वापरू नये. ढिला पट्टा तर घातकच, कारण त्याने परतीचे रक्त अडते, पण रोहिणीतील चालूच राहते आणि रक्तस्राव वाढतो. सर्पदंशात आवळपट्टा बांधण्याची प्रथाही चुकीची आहे. ती येथील उपायाशी जोडू नये.

रुग्णवाहिकेतील उपचार

छाती, पोट व कटिभागातील अंतर्गत रक्तस्राव बाहेरून दाबता येत नाही. कटीचे हाड मोडले असल्यास त्याभोवती रुंद पट्टा आवळतात. इतरांसाठी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत लवकर पोहोचवणे हाच खरा उपाय.

ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने ते १९६० च्या दशकात पुढे आणले. भारतासह ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या ‘क्रॅश-२’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पहिल्या तीन तासांत, त्यातही पहिल्या तासात दिल्यास हे औषध मृत्यू कमी करते. त्यानंतर दिल्यास अपाय होण्याची शक्यता दिसते.

सलाइनच्या बाटल्या भराभर चढवण्याची पूर्वीची पद्धत मागे पडली आहे. अति द्रवाने उरलेले रक्त पातळ होते, रक्तदाब वाढून गुठळी निसटते आणि थंड द्रवाने शरीर गारठते. गारठा, रक्तातील वाढती आम्लता आणि गोठण्याची मंदावलेली क्रिया ही तिन्ही एकमेकांना बळ देतात. म्हणून जखमी व्यक्तीला, उन्हाळ्यातही, पांघरूण घालावे. लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेने २०१२ पासून सोबत रक्तच नेण्यास आरंभ केला.

भारतातील कायदेशीर बाजू

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि रस्त्यावरील जखमीला हात लावण्यास लोक कचरतात, ते बहुधा ज्ञानाच्या अभावापेक्षा पोलीस व न्यायालयाच्या फेऱ्यांच्या भीतीने. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमीला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव व पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.