विश्लेषण : हेल्मेट डोक्यावर आहे, पण मापाचे आहे का?

वरवट बकाल परिसरात दुचाकी हीच रोजची गाडी. हेल्मेट घेताना मात्र आधी किंमत आणि रंग पाहिला जातो, माप शेवटी. खरे हेल्मेट कसे ओळखायचे, डोक्याचे माप कसे घ्यायचे आणि दुकानात काय तपासायचे?

संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल ही आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ. बियाणे-खते, दवाखाना, बँक, कॉलेज अशा कामांसाठी येथे दिवसभर दुचाकींची ये-जा असते. पूर्णा नदी ओलांडून शेगावला जायचे तर पंचवीसेक किलोमीटर. जळगाव जामोद, सोनाळा, टुनकीकडे जाणारेही बहुतेक दुचाकीवरच. ‘इथल्या इथेच तर जायचे’ म्हणून हेल्मेट घरी राहते, नाही तर आरशाला लटकते. ज्यांच्या डोक्यावर ते असते, त्यांच्यापैकीही अनेकांचे सैल असते किंवा पट्टा मोकळा असतो.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. दुसरीकडे, जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेट नेमके करते काय?

बाहेरचे कवच कठीण असते. ते टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि माराचा जोर पसरवते. खरे काम मात्र कवचाच्या आतील थर्माकोलसारखा दिसणारा जाड थर करतो. दीड मीटर उंचीवरून डोके खाली आपटले, तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडी उभी असताना तोल जाऊन पडले तरीही हा मार बसू शकतो. उघडे डोके डांबरावर क्षणार्धात थांबते. मेंदू मात्र पुढे जात राहतो आणि कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो. हेल्मेटमधला थर दबतो, त्यामुळे डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर अंतर आणि थोडा जास्त वेळ मिळतो. जीव वाचतो तो या अंतरामुळे.

हा थर एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. आणि तो डोक्याला लागून असेल तरच कामाचा. सैल हेल्मेट पहिल्या धक्क्याला फिरते किंवा निघून जाते आणि दुसरा मार उघड्या डोक्याला बसतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या लक्षात आली त्यामागे एक अपघात होता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स यांचा १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकल अपघातानंतर मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यानंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

शिक्का खरा कसा ओळखायचा?

भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसती ‘आयएसआय’ अशी अक्षरे असतील आणि परवाना क्रमांक नसेल, तर ते हेल्मेट बाजूला ठेवावे.

क्रमांक खरा आहे का, हे मोबाइलवरच पाहता येते. भारतीय मानक ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप मोफत आहे. त्यात परवाना क्रमांक टाकला, की उत्पादकाचे नाव, उत्पादन आणि परवाना चालू आहे की नाही हे कळते. कंपनीचे नाव आणि हेल्मेटवरचे नाव जुळते का, तेही पाहावे. ही खबरदारी उगाच नाही. केंद्राच्या माहितीनुसार जून २०२५ पर्यंत देशात १७६ उत्पादकांकडे वैध परवाने होते. तर दिल्लीत परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त करण्यात आली.

बांधकामावरची पिवळी टोपी किंवा क्रिकेटचे हेल्मेट दुचाकीवर चालत नाही. त्यांची रचना वेगळ्या माराचा विचार करून केलेली असते.

पूर्ण चेहऱ्याचे की अर्धे?

दुचाकीवरून पडणारा माणूस अनेकदा तोंडावर पडतो. जर्मनीतील अपघातग्रस्त हेल्मेटच्या एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर आढळले. म्हणून हनुवटी झाकणारे, पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट सर्वांत चांगले. उघड्या तोंडाच्या हेल्मेटमध्ये कान आणि डोक्याची मागची बाजू झाकलेली असते, पण जबडा मोकळा राहतो. केवळ टाळू झाकणारे टोपीसारखे हेल्मेट कान आणि कानशिले उघडी ठेवते. ते घेऊच नये.

डोक्याचे माप कसे घ्यायचे?

शिंप्याकडची टेप पुरेशी आहे. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून आणि मागे डोके जिथे सर्वांत फुगीर असते तिथून टेप फिरवावी. दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठे माप धरावे. अनेक कंपन्यांत ५८ सेंटिमीटरला मध्यम आणि ६० सेंटिमीटरला मोठा आकार मानतात. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून तो पाहूनच आकार निवडावा. माप दोन आकारांच्या मध्ये आले तर आधी लहान घालून पाहावे. आतील कापडी अस्तर वापराने थोडे बसते आणि सुरुवातीला घट्ट वाटलेले हेल्मेट नीट होते. सैल घेतलेले अधिकच सैल होत जाते.

दुकानात काय तपासायचे?

पट्ट्याची दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला ओढून हेल्मेट घालावे. ते कपाळावर, भुवयांच्या जरा वर यावे; मागे टाळूवर सरकलेले नसावे. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत.

मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवावे. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटसोबत हलली, तर माप बरोबर. हेल्मेट फिरते आणि चेहरा जागेवरच राहतो, तर ते मोठे आहे.

यानंतर पट्टा लावून मान थोडी वाकवावी आणि मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढावे. ते निघून आले, तर खऱ्या अपघातातही निघणार.

शेवटी दहा मिनिटे ते तसेच डोक्यावर ठेवावे. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लाल वळ उठला आणि तिथे दुखत असेल, तर डोक्याचा आणि हेल्मेटचा आकार जुळत नाही. काही डोकी लांबट असतात, काही गोल. अशा वेळी मोठा आकार न घेता दुसऱ्या कंपनीचे हेल्मेट पाहावे.

पट्ट्याचे काय?

पट्टा आणि हनुवटीखालची कातडी यांत दोन बोटे जातील, एवढाच तो सैल हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. चौकात पोलीस दिसले म्हणून नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट कायद्याच्याही लेखी अपुरेच. याच कायद्यात हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

४५ अंशांच्या उन्हात हेल्मेट कसे घालायचे?

मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. अडचण अशी, की जाड दुपट्ट्याचे वेढे मारून वर हेल्मेट घातले, की ते डोक्याच्या वर तरंगते आणि गाठ एकाच जागी टोचते. मोठे हेल्मेट घेणे हा त्यावर उपाय नाही. पातळ सुती टोपी किंवा एकेरी पातळ कापड आत वापरावे आणि दुपट्टा मानेला, तोंडाला गुंडाळावा. हेल्मेट घ्यायला जाताना ती टोपी सोबत न्यावी आणि घालूनच माप पाहावे. अंबाडा बांधणाऱ्या महिलांनीही केस मानेजवळ खाली बांधून हेल्मेट घालून पाहावे.

हवा खेळती ठेवणारी छिद्रे आणि धुण्यासाठी काढता येणारे अस्तर असेल तर घाम सुसह्य होतो. फिकट रंग उन्हात कमी तापतो आणि रात्री लवकर दिसतो. समोरची काच पारदर्शकच घ्यावी. काळ्या काचेतून रात्री बैलगाडी किंवा दिवा नसलेली ट्रॉली दिसत नाही.

मागे बसणारे आणि लेकरे

चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. लेकराला मोठ्यांचे हेल्मेट घालू नये. ते फिरून डोळ्यांवर येते आणि त्याच्या मानेवर नको तेवढा भार पडतो.

कधी बदलायचे?

डोक्यावर असताना मार बसला असेल, तर वरून ओरखडाही नसला तरी हेल्मेट बदलावे. आतील थर दबलेला असू शकतो. अपघात झाला नाही, तरी साधारण पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला दिला जातो. पेट्रोल, थिनर आणि फवारणीच्या औषधांतील द्रावके आतील थर खराब करतात. म्हणून हेल्मेट औषधांच्या डब्यांशेजारी ठेवू नये आणि साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसावे.

जुने हेल्मेट टाकताना त्याचा पट्टा कापून टाकावा. नाही तर गोठ्यातल्या खुंटीवरचे तेच हेल्मेट उद्या घाईघाईत घरातल्याच कुणाच्या तरी डोक्यावर जाते.