विश्लेषण : जुळ्या डिस्क असूनही सर्व्हर का अडतो?

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय स्वातंत्र्यापूर्वी डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९६९ मध्ये तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. ग्रामीण भागातील देशातले हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय. कागदी केसपेपरवर चालणाऱ्या या रुग्णालयात पुढे ‘सी-डॅक’च्या साह्याने संगणकीय रुग्णालय माहिती प्रणाली आली. अशा प्रणालीत नोंदणीची खिडकी, प्रयोगशाळा, औषधालय आणि बिलाचा काउंटर एकाच सर्व्हरवर विसंबून असतात. सर्व्हर थांबला की गावाहून पहाटेच्या एसटीने आलेल्या रुग्णाची रांगही थांबते. म्हणून बहुतेक ठिकाणी सर्व्हरमध्ये एकाऐवजी दोन डिस्क बसवतात. एक गेली तरी दुसरी काम निभावते. तरीही सर्व्हर अडतात, कधी माहितीही जाते. असे का होते आणि दोष शोधायचा कसा, याचा हा आढावा. रुग्णालय, महाविद्यालय, पतसंस्था अशा कोणत्याही ठिकाणच्या युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरला तो लागू पडतो.

हार्डवेअर मिररिंग म्हणजे काय?

एकाच मजकुराची प्रत दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणे म्हणजे मिररिंग. पावतीपुस्तकात कार्बन घालून लिहिल्यासारखेच. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘रेड’ हे नाव तेथून रूढ झाले. त्यातील पहिली पातळी, म्हणजे ‘रेड-१’, हेच मिररिंग. हे काम सर्व्हरमधील कंट्रोलर नावाचे स्वतंत्र कार्ड करत असेल, तर त्याला हार्डवेअर मिररिंग म्हणतात. हे कार्ड दोन्ही डिस्क आपल्या मागे ठेवते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच डिस्क दाखवते. ही सोय मोठी आहे आणि पुढची बरीचशी गुंतागुंतही तिच्यातूनच निर्माण होते.

लॉजिकल व्हॉल्यूम कशासाठी?

शेतीची उपमा घेतली तर हे सोपे जाते. वेगवेगळ्या गटांतील जमीन एकत्र करायची आणि तिचे गरजेप्रमाणे तुकडे पाडायचे. डिस्क म्हणजे गट, त्याला फिजिकल व्हॉल्यूम म्हणतात. एकत्र केलेली जमीन म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप आणि पाडलेले तुकडे म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. शेतात बांध सरकवला की भांडण होते. येथे एका आज्ञेने बांध सरकतो. डेटाबेसला जागा कमी पडली तर सर्व्हर बंद न करता ती वाढवता येते. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये ही सोय १९९० पासून आहे. लिनक्ससाठी हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये ती लिहिली. एआयएक्स आणि एचपी-यूएक्समध्ये लॉजिकल व्हॉल्यूमचा थर स्वतःही मिररिंग करू शकतो. लिनक्समध्येही ते जमते. त्यामुळे सर्व्हर हाती घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की येथे मिररिंग नेमके कोण करते आहे : कार्ड की ऑपरेटिंग सिस्टिम? याचे उत्तर लिहून ठेवलेले नसेल, तर बिघाडाच्या वेळी पहिला तास ते शोधण्यातच जातो.

मग अडचण कोठे येते?

दोन थरांचे एकमेकांशी बोलणे नसते. समजा, कार्डामागच्या दोनपैकी एक डिस्क गेली. कार्ड त्याची नोंद घेते, ‘डिग्रेडेड’ अशी स्थिती दाखवते, डिस्कच्या खणावरचा दिवा पिवळसर होतो, काही कार्डे शिटीही वाजवतात. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र तिची एकच डिस्क पूर्वीसारखीच दिसते. पीव्हीएस, व्हीजीएस, एलव्हीएस या लॉजिकल व्हॉल्यूमची स्थिती सांगणाऱ्या आज्ञा चालवल्या तर सारे आलबेल असल्याचे उत्तर मिळते. ते खोटे नसते. त्या थराला तेवढेच ठाऊक असते. सर्व्हरची खोली कुलूपबंद, दिवा पाहणारे कोणी नाही, शिटी पंख्यांच्या आवाजात बुडालेली. असे महिने जातात आणि एक दिवस दुसरी डिस्कही जाते. ‘दोन्ही डिस्क एकदम गेल्या’ अशी तक्रार येते, तेव्हा कार्डाची जुनी नोंदवही उघडून पाहावी. पहिली डिस्क बऱ्याचदा कितीतरी आधीच गेलेली आढळते.

शोध कोठून सुरू करावा?

खालून वर. प्रथम कार्डाला विचारावे, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची नोंद पाहावी, नंतर लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टिम. कार्डाशी बोलण्यासाठी त्या त्या कंपनीचे साधन लागते. मेगारेड कार्डांसाठी स्टोअरसीएलआय, डेलच्या पर्क कार्डांसाठी पर्कसीएलआय, एचपीच्या स्मार्ट ॲरेसाठी एसएसएसीएलआय. ही साधने आधीच बसवून ठेवावीत. सर्व्हर अडल्यावर ती शोधत बसणे महागात पडते.

लक्षणावरूनही दिशा कळते. सर्व्हर एकाएकी मंदावला, पण डिस्क दोन्ही ठीक असतील, तर कार्डाची बॅटरी तपासावी. लिहायचा मजकूर कार्ड आधी आपल्या स्मृतीत घेते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. वीज गेली तर ही स्मृती बॅटरीवर तगते. बॅटरी थकली की कार्ड धोका पत्करत नाही. प्रत्येक नोंद थेट डिस्कवर उतरेपर्यंत ते थांबते आणि वेग घसरतो. अशा वेळी डेटाबेस चाळत बसण्यात अर्थ नसतो.

नोंदी वाचता येतात, पण नवी नोंद होत नाही, असे असेल तर फाइल सिस्टिमने लिहिण्यात चूक आल्यामुळे स्वतःला ‘फक्त वाचन’ स्थितीत टाकलेले असू शकते. येथे घाईने फाइल सिस्टिमची दुरुस्ती चालवू नये. खालची डिस्क आजारी असताना वर केलेली दुरुस्ती नुकसान वाढवते.

एकच फिजिकल व्हॉल्यूम दोनदा सापडल्याचा इशारा येतो, तो सर्वांत गंभीर. त्याचा अर्थ मिररिंग सुटले आहे आणि दोन्ही डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमला वेगवेगळ्या दिसू लागल्या आहेत. मदरबोर्डवरच्या स्वस्त ‘रेड’मध्ये किंवा कार्डाची मांडणी बदलल्यावर असे घडते. दोन्हींवर ओळखक्रमांक एकच असतो. सिस्टिमने त्यातली एक निवडून काम सुरू ठेवले, तर त्या क्षणापासून दोन प्रती वेगळ्या होत जातात. अशा वेळी लिहिणे ताबडतोब थांबवावे, कोणती प्रत ताजी आहे हे ठरवावे आणि मगच पुढे जावे. शिळ्या प्रतीवरून ताजी प्रत पुसली गेली, तर कालपर्यंतचे केसपेपर कायमचे जातात.

डिस्क बदलताना काय चुकते?

सर्वांत महागडी चूक म्हणजे चांगली डिस्क ओढून काढणे. काही सर्व्हरवर खणांची मोजणी शून्यापासून होते, काहींवर एकपासून. म्हणून केवळ क्रमांकावर विसंबू नये. कार्डाला डिस्कचा दिवा लुकलुकवायला सांगता येते, तो पाहावा आणि डिस्कवरचा अनुक्रमांक कार्डाने सांगितलेल्या अनुक्रमांकाशी ताडून घ्यावा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. थोडी जरी लहान असली तरी कार्ड ती घेत नाही.

नवी डिस्क बसवल्यावर जुनीवरून पूर्ण प्रत उतरवली जाते, त्याला रिबिल्ड म्हणतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरायची तर सात तासांहून अधिक वेळ लागतो. सर्व्हरवर काम सुरू असेल तर त्याहूनही जास्त. तेवढा वेळ सारा भार एकट्या जुन्या डिस्कवर असतो आणि तिच्या क्वचितच वाचल्या जाणाऱ्या कोपऱ्यात खराब भाग असेल तर तो नेमका आता उघड होतो. म्हणून डिस्क बदलण्याआधी ताजा बॅकअप घ्यावा. दोन्ही प्रती जुळतात का हे पाहणारी ‘कन्सिस्टन्सी चेक’ ही तपासणी ठरावीक काळाने रात्री चालू ठेवावी, म्हणजे असे खराब भाग आधीच कळतात.

कार्डच जळाले आणि त्याच जातीचे नवे बसवले, तर जुन्या डिस्क त्याला ‘फॉरेन’, म्हणजे परक्या वाटतात. मिररिंगची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते. ती ‘इम्पोर्ट’ करायची असते. त्याऐवजी ‘इनिशियलाइज’ निवडले तर डिस्क पुसली जाते. त्याचप्रमाणे व्हॉल्यूम ग्रुप दिसत नाही म्हणून पीव्हीक्रिएट ही आज्ञा नव्याने चालवणे धोक्याचे. लिनक्स आपल्या व्हॉल्यूमच्या मांडणीची प्रत ‘इटीसी’मधल्या एलव्हीएम फोल्डरमध्ये ठेवते. व्हीजीसीएफजीरिस्टोअर या आज्ञेने ती परत आणता येते. अट एवढीच, की हे फोल्डर त्याच अडलेल्या डिस्कवर अडकलेले नसावे. त्याची एक प्रत दुसऱ्या संगणकावर असावी.

मोठी डिस्क टाकूनही जागा का वाढत नाही?

कारण पुन्हा तेच : प्रत्येक थराला वेगळे सांगावे लागते. आधी एक डिस्क बदलून रिबिल्ड पूर्ण होऊ द्यायचे, मग दुसरी. त्यानंतर कार्डावरची आभासी डिस्क वाढवायची, ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा नवा आकार पुन्हा तपासायला लावायचा, डिस्कवर पार्टिशन असेल तर ते वाढवायचे, पीव्हीरिसाइझने फिजिकल व्हॉल्यूम आणि एलव्हीएक्स्टेंडने लॉजिकल व्हॉल्यूम वाढवायचा आणि शेवटी फाइल सिस्टिम. यातली एक पायरी गळली तरी जागा तेथेच अडते.

दोन्ही डिस्क खरोखर एकाच वेळी जाऊ शकतात?

जाऊ शकतात. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या ग्राहकांना इशारा दिला होता. काही एसएसडींच्या फर्मवेअरमधील चुकीमुळे त्या ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, निकामी होणार होत्या आणि त्यांवरील माहितीही परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी बसवलेल्या दोन्ही डिस्क अशा वेळी जवळजवळ एकत्रच जातात. फर्मवेअर अद्ययावत करणे हा त्यावरचा उपाय होता. धडा व्यापक आहे : शक्य असेल तर दोन डिस्क वेगवेगळ्या तुकडीतल्या घ्याव्यात. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर आणि एकाच उन्हाळ्यात राहतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाण्याचे दिवस येतात. सर्व्हरच्या खोलीतला एसी रात्री बंद पडला तर तो दोन्ही डिस्कसाठी बंद पडतो.

मिररिंग असेल तर बॅकअप कशाला?

कार्बन कॉपीत चूकही उतरते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस दोन्ही प्रती कुलूपबंद करतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसचा सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर पुसला गेला. बॅकअपच्या अनेक सोयी कागदावर होत्या, पण ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. लॉजिकल व्हॉल्यूमचा स्नॅपशॉटही बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर असतो. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या इमारतीत हवा आणि तो उघडतो की नाही हे अधूनमधून परत उतरवून पाहायला हवे.

काढलेल्या डिस्कचे काय?

मिररिंगमधून काढलेली डिस्क अर्धी नसते. तिच्यावर संपूर्ण माहिती असते. रुग्णालयाची असेल तर प्रत्येक रुग्णाचे नाव, आजार, तपासण्या, सारे. बिघडलेली म्हणून ती भंगारात दिली, तरी जाणकाराला बराचसा मजकूर वाचता येऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर वाजवी सुरक्षा उपाय करण्याचे दायित्व टाकले आहे. म्हणून डिस्क नष्ट करूनच निकालात काढावी आणि तशी नोंद ठेवावी.

सर्व्हर सांभाळणाऱ्याने निदान चार गोष्टी आजच करून ठेवाव्यात. कार्डाची स्थिती रोज तपासून बिघाड होताच मोबाइलवर संदेश पाठवणारी सोय करावी. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक खणांसह कागदावर लिहून सर्व्हरच्या दारावर चिकटवावेत. त्याच मापाची एक डिस्क कपाटात ठेवावी, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी ती त्याच दिवशी मिळेलच असे नाही. चौथी गोष्ट, बॅकअप उतरवून पाहण्याची तारीख ठरवावी. पहिली डिस्क गेल्याचे त्याच दिवशी कळले, तर दुपारी रुग्ण कमी असताना ती बदलता येते आणि नोंदणीच्या खिडकीवर कोणाला पत्ताही लागत नाही.