टोमॅटो लावायचाय? आधी बादलीत काय भरताय ते बघा!

ते रील तुम्हीही बघितलं असेल. टोमॅटोची एक चकती कापायची, कुंडीतल्या मातीवर ठेवायची, वरून थोडी माती भुरभुरायची आणि पुढच्या दहा सेकंदांत झाड लालभडक टोमॅटोंनी लगडलेलं! चकतीतून रोपं येतात, हे खरंच आहे. पण महिनाभरात ती किडकिडीत होतात, पिवळी पडतात आणि आपण म्हणतो, 'माझ्या हाताला गुणच नाही.' हाताला उगाच दोष देऊ नका. बहुतेक वेळा घोळ मातीत असतो.

शेतात झाडाची मुळं पाणी आणि अन्न शोधत खोल जातात, लांब पसरतात. कुंडीतल्या झाडाची अवस्था हॉस्टेलच्या मुलांसारखी. मेसमध्ये जे असेल ते खायचं! शिवाय ही मेस एकदा लावली की तीन-चार महिने बदलता येत नाही. मध्येच माती उपसायला गेलात तर मुळंच तुटतात. म्हणून डोकं आणि पैसे जे काही खर्च करायचे, ते पहिल्याच दिवशी.

माती कुठली घ्यायची?

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागात काळी माती घराजवळच मिळते. शेतात तिचं मोल मोठं, पण कुंडीत ती त्रास देते. तिचे कण अगदी बारीक. पाणी पडलं की ती फुगते, वाळली की आकसते. मग कुंडीच्या कडेने फट पडते, पाणी तिथूनच खाली पळतं आणि मधला गोळा कोरडा राहतो. भिजली की उलटा त्रास, मुळांना हवाच मिळत नाही. त्यापेक्षा नर्सरीत लाल माती किंवा पोयटा मागा. कोकणात जांभ्याची लाल माती हाताशी असते. तिच्यात पाणी तुंबत नाही, पण अन्नद्रव्यं कमी, तेव्हा खत सढळ हाताने घाला.

बादलीभर नुसती मातीच भरू नका. एक तर ती दाबून घट्ट होते आणि दुसरं म्हणजे बाल्कनीवर उगाच वजन वाढतं. इथे कोकोपीट कामाला येतं. नारळाच्या काथ्यापासून उरलेला हा भुसा हलका असतो आणि पाणी धरून ठेवतो. त्यात झाडाचं अन्न मात्र नावालाच असतं. काही विटांमध्ये क्षारही असतात, म्हणून ती भिजवून, पाणी पिळून टाकून, पुन्हा एकदा धुवून घ्या.

खताची परीक्षा घ्या

गांडूळ खत चालेल, शेणखत चालेल, घरच्या ओल्या कचऱ्याचं खतही चालेल. अट एकच, ते पूर्ण कुजलेलं हवं. कच्चं शेण घातलं तर त्याच्या उष्णतेने कोवळी मुळं करपतात. चांगल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा उग्र वास आला तर ते अजून तयार नाही.

खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरातून चिमूटभर मेथी घ्या. एका वाटीत खत आणि दुसऱ्या वाटीत साधी माती घेऊन दोन्हींत मेथी पेरा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखीच तरारून उगवली तर खत पास! खताच्या वाटीत उगवली नाही किंवा टोकं करपली, तर ते आणखी महिनाभर कुजू द्या.

माप आंघोळीच्या मगाचं

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुवून घ्या. तळाला सात-आठ भोकं पाडा. आता लिटरभराच्या मगाने 6 मग माती, 6 मग खत, 6 मग भिजवलेलं कोकोपीट आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड असं सगळं नीट कालवा.

हे प्रमाण काही दगडावरची रेघ नाही. तुम्ही सकाळी लेक्चरला जाऊन रात्रीच परतत असाल, तर मातीतला एक मग कमी करून कोकोपीट एक मग वाढवा. उलट, घरात आजी-आजोबा दिवसातून दोनदा प्रेमाने पाणी घालणारे असतील, तर कोकोपीट 4 मगच घ्या आणि 2 मग भाताचं तूस घाला. जास्तीचं पाणी निघून जाईल.

मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचताच विस्कटला, तर जमलं. टोचूनही तसाच राहिला तर माती जास्त झाली.

पुढे काय?

जागा किमान सहा तास ऊन येणारी हवी. त्याला कुठलंच मिश्रण पर्याय नाही. हॉस्टेलवाल्यांनी रोप दिवाळीच्या सुट्टीनंतरच लावावं, नाहीतर आठवडाभर पाण्याविना ते सुकेल. लावल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत फळं येतात. फुलं दिसू लागली की दर 15 दिवसांनी मूठभर गांडूळ खत घाला. जास्त नको, नाहीतर नुसती पानंच माजतात.

टोमॅटोचं बूड काळं पडलं तर लगेच फवारा शोधायला धावू नका. फळापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबर पोचतं. एक दिवस चिखल, दोन दिवस दुष्काळ असं झालं की ते पोचतच नाही. पाणी रोज थोडं आणि वेळेवर द्या. अंड्याची टरफलं कुजायला फार वेळ लागतो, या हंगामात त्यांचा भरवसा नको.

हंगाम संपल्यावर मिश्रण फेकू नका. त्यात थोडं खत मिसळून मेथी, पालक, कोथिंबीर लावा. मिरची, वांगं, बटाटा मात्र टाळा. ही सगळी टोमॅटोचीच भावंडं, त्यांना रोगही तेच लागतात.

आणि सुरुवात करायला नर्सरी गाठायचीही गरज नाही. या रविवारी दोन वाट्या घ्या, शेजारच्या बागेतलं मूठभर खत मागून आणा आणि मेथी पेरा. गुरुवारपर्यंत निकाल लागेल.