फटाके, शेजार आणि रात्रीचे दहा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. परवाच्या बैठकीत फराळाच्या ऑर्डरी झाल्या, भाजणीचा भाव ठरला आणि उठता उठता एक मावशी म्हणाल्या, "यंदा तरी फटाक्यांचं आधी बोलूया." आमचे काही गट डोंबिवलीच्या चाळींत आहेत, काही कल्याण-शीळ रस्त्याकडच्या गावांत. पण या विषयावर सगळ्यांचं दुखणं एकच निघालं.

ते आमच्या मनात बसलं २०२० साली. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचं आवाहन होतं. फटाक्यांचं कोणी म्हटलं नव्हतं, तरी ठिकठिकाणी वाजलेच. कामधंदा बंद, कोणाचा माणूस दवाखान्यात, आणि बाहेर माळा! जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी आली. नोव्हेंबरात दिवाळीला फटाके टाळा, असं राज्य सरकारनं सांगितलं होतं.

त्या दिवाळीत आमच्या एका ताईंचे यजमान करोनातून उठून नुकतेच घरी आले होते. चाळीतली एक खोली, एकच खिडकी. उघडली तर धूर आत, लावली तर त्यांचा जीव गुदमरायचा. ताई खाली गेल्या. "दादा, जरा पुढे मैदानात जाऊन लावाल का? घरात आजारी माणूस आहे." उत्तर आलं, "काकू, वर्षातून एकदा तर सण येतो." ताई वर आल्या आणि खिडकीला ओला पंचा लावून रात्रभर बसून राहिल्या. धुरापेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. खाली उभ्या असलेल्यांपैकी दोघांच्या घरी टाळेबंदीत रांगेत उभं राहून रेशन आणून दिलं होतं ते त्यांनीच.

हा धूर इतका का लागतो, तेही सांगतो. उन्हात तापलेली हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते. दिवाळीच्या सुमारास रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, त्यामुळे धूर खालीच साचतो. चाळीच्या गल्लीत तर जास्तच. त्यात गंधकाचा वायू असतो, रंगांसाठी घातलेल्या धातूंचे बारीक कण असतात. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला तो लगेच बाधतो.

गावात मोकळी हवा आहे, आपल्याला काय, असं म्हणू नका. आता शिवेवर टॉवर आलेत. त्याच दिवसांत आपलं भात कापलेलं असतं, खळ्यावर उडव्या असतात, गोठ्याशेजारी पेंढा असतो. वरून सुटलेलं एक रॉकेट त्यात पडलं तर वर्षाचं पीक जायला किती वेळ लागणार? आवाजानं म्हैस दावं ओढते आणि सकाळी पान्हा चोरते, हे तर तुम्हीच आम्हाला सांगता.

कायदा आपल्या बाजूनं आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलं. २०१८ मध्ये आणखी कडक केलं: दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ, जोडफटाक्यांच्या माळा बंद, बेरियम बंद. हॉस्पिटल-शाळेजवळचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल, तर तिथे दिवसाही आवाजाचे फटाके नाहीत. 'ग्रीन' फटाके नागपूरच्या नीरी संस्थेनं तयार केलेत, खोक्यावर क्यूआर कोड असतो. त्यांचा धूर सुमारे ३० टक्के कमी, म्हणजे उरलेला आहेच. दुकानदार "ताई, याला धूरच नाही" म्हणाला तर हसा आणि पुढे चला.

तक्रारीला बाया घाबरतात, कारण शेजाऱ्याशी उद्या पाण्यावर गाठ असते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी आवाजाच्या प्रदूषणावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्यावरच्या २०१६ च्या निकालात तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करू नये, असंही आहे. तेव्हा दहानंतर ११२ ला फोन करायला हरकत नाही. गल्लीचं नाव आणि जवळची खूण नीट सांगायची.

पण आमचा अनुभव असा, की फोनपेक्षा आठ दिवस आधीची भेट जास्त उपयोगी पडते. फटाक्याला काडी लागल्यावर कोणी ऐकत नाही. २०२१ मध्ये आम्ही यादी करायला बसलो: कोणाकडे बाळंतीण, कोणाकडे दमेकरी, कोणाकडे वर्षाच्या आत माणूस गेलेलं. मग फटाके उडवणाऱ्या पोरांची यादी केली, तर त्यातली तीन आमच्याच गटातल्या बायांची! बैठकीत शांतता पसरली. आधी त्या तिघींनी घरी बोलायचं ठरलं, मग पाचजणी मिळून बाकीच्या घरी गेलो. "बंद करा" म्हटलं नाही. "या दोन घरांसमोर नको, मैदानात लावा, दहाला थांबा," एवढंच. बहुतेकांनी ऐकलं. एका घरानं दार लावून घेतलं, त्याला इलाज नाही.

गावाकडे खळ्याशेजारच्या टॉवरच्या सेक्रेटरींना भेटायचं अजून राहिलंय. येत्या रविवारी जातोय, उडव्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि अर्धा किलो चकली घेऊन.